४७-क आणि ४७-ख

आमच्या घरात तीन पिढ्यांची द्राक्षबाग आहे, पण द्राक्षाची बी कुणी कधी पेरलेली नाही. निफाड तालुक्यातल्या कुठल्याही बागाइतदाराला विचारा, तो हेच सांगेल. डॉगरिजचा खुंट लावायचा, त्यावर हव्या त्या जातीच्या काडीचं पाचर कलम भरायचं, झाली बाग. थॉम्पसन काय, तास-ए-गणेश काय, मण्यात बीच नाही तर पेरणार काय? तास-ए-गणेश तरी कुठून आली? तासगाव भागातल्या एका शेतकऱ्याला थॉम्पसनच्या बागेत वेगळी वेल दिसली, तिच्या काड्या गावोगाव गेल्या. म्हणजे तिथंही काडीच.

त्यामुळे एमएस्सी झाल्यावर पुण्याजवळच्या एका संस्थेत द्राक्षाच्या नव्या जाती काढायच्या पैदास प्रकल्पावर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा आण्णांना काही केल्या कळेना की मी नक्की करणार काय.

"म्हणजे तू बिया पेरणार?"

"हो."

"आणि त्याचा पगार देणार?"

पगार फार नव्हता, तो वेळेवरही यायचा नाही, पण तो विषय वेगळा.

काम सांगायला सोपं होतं. काळं, लवकर येणारं, बिनबियांचं द्राक्ष हवं होतं, आणि जमलं तर डावणी या बुरशीच्या रोगाला जरा तरी टिकणारं. बाप एकच ठरला, ब्यूटी सीडलेस. आया दोन. एक बेंगलोर ब्लू, म्हणजे जगात जिला इसाबेला म्हणतात ती. लाब्रुस्का या अमेरिकन प्रजातीच्या रक्ताची, काटक, जाड सालीची, आणि तो विशिष्ट उग्र गोड वास असलेली. दुसरी फ्लेम सीडलेस. पहिल्या जोडीची कल्पना काही नवी नाही. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही जात कटावबा या लाब्रुस्का जातीवर ब्यूटी सीडलेसचा क्रॉस करूनच झाली आहे. आमच्या मॅडम म्हणायच्या, चांगला बाप असला की सगळ्यांना तोच हवा असतो.

ऑक्टोबरात छाटणी, नोव्हेंबर संपता संपता फुलोरा. तेव्हा पहाटे उठून 'टोप्या काढायला' जायचं. फुलाने स्वतःचेच पराग घेऊ नयेत म्हणून पुंकेसर आधीच काढून टाकायचे; पुस्तकात याला खच्चीकरण म्हणतात. आमचे शेतावरचे मामा टोप्या काढणं म्हणायचे आणि तेच बरं वाटायचं. द्राक्षाचं फूल इतर फुलांसारखं उमलत नाही. पाच पाकळ्या वरून एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि ती हिरवी टोपी बुडातून सुटून वरच्या वर उडते. ती आपणहून उडायच्या एक-दोन दिवस आधी चिमट्याने काढायची. कळी बाजरीच्या दाण्याएवढी. चिमट्याचं टोक टोपीच्या कडेला लावायचं, हलकेच पिळायचं, आणि टोपीबरोबर पाचही पुंकेसर निघाले तर नशीब. मधली कुपी, म्हणजे स्त्रीकेसर, दुखावली की ती कळी गेली. एका घडावर तीनशे-चारशे कळ्या असतात; कात्रीने कमी करत शंभर-सव्वाशे ठेवायच्या, तरी एका घडाला माझा तास जायचा. मामांचा अर्धा. मग बटर पेपरची पिशवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुपीच्या टोकावर बारीक थेंब चमकायला लागला की ब्यूटीचे पराग ब्रशने लावायचे आणि पिशवी पुन्हा बंद. पिशवीवर पेन्सिलीनेच लिहायचं, कारण औषधांच्या फवाऱ्यात पेनची शाई राहत नाही. हे मला एक घड वाया गेल्यावर कळलं.

इथून दोन्ही आयांचे रस्ते वेगळे होतात.

बेंगलोर ब्लूला बी येते. तिचे घड पिकू द्यायचे आणि बिया काढून घ्यायच्या. फ्लेमचं तसं नाही. लोकांना वाटतं सीडलेस म्हणजे फलन झालंच नाही. फ्लेम, ब्यूटी, थॉम्पसन या सगळ्यांत फलन होतं, गर्भही धरतो. पण थोड्या आठवड्यांत बीचं कवच आणि आतला अन्नसाठा, म्हणजे एंडोस्पर्म, वाढायचं थांबतं आणि कोवळा भ्रूण उपाशी मरतो. मण्यात जिभेला लागते न लागते अशी जी पांढरी काडीसारखी खूण असते, ती त्या बीची. यामागचा मुख्य फरक १८ व्या गुणसूत्रावरच्या एजीएल-११ या जनुकात आहे, त्याच्या प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललेलं. एवढ्याशा बदलावर आमच्या तालुक्याची निर्यात उभी आहे.

तर तो भ्रूण मरायच्या आत बीजांड, म्हणजे बी होण्याआधीचं तिचं रूप, बाहेर काढून काचेत वाढवायचं. एम्ब्रियो रेस्क्यू. अमेरिकेत फ्रेस्नोला १९८२ मध्ये एमरशाड आणि रॅमिंग यांनी हे द्राक्षात करून दाखवलं. बीजांडं वाढवायला आम्ही वापरायचो त्या पोषक माध्यमाचं नाव 'ईआर' हे त्यांच्याच आडनावांवरून. त्याआधी सीडलेसला आई करणं म्हणजे क्रॉस करून हात जोडून बसणं होतं.

जानेवारीत हिरवे, कडक मणी तोडून आणले. स्पिरिट, मग सोडियम हायपोक्लोराइट, मग तीनदा निर्जंतुक पाणी. लॅमिनार फ्लोच्या, म्हणजे जंतू गाळून सोडलेल्या, वाऱ्यात मणी उभा चिरायचा आणि सुईच्या टोकाने बीजांडं अलगद बाहेर काढायची. मण्यात दोन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं, म्हणजे जास्तीत जास्त चार. पांढरीशी, ओली, एका बाजूला चोच असलेली. ती माध्यमावर ठेवायची आणि अंधाऱ्या खोलीत आठ-दहा आठवडे विसरायची. विसरता येत नाही. रोज सकाळी मी जाऊन बुरशी आली का ते बघायची आणि रोज एक-दोन बाटल्या फेकून द्यायची. मार्चमध्ये दोन दिवस वीज गेली, जनरेटरचं डिझेल कुणी आणायचं यावर कागद फिरत राहिले, आणि तेवढ्यात ग्रोथ रूम भट्टी झाली. तीसेक बाटल्या गेल्या.

उरलेली बीजांडं मार्चअखेरीस उघडायला घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली चोचीकडून पातळ काप घ्यायचा, कारण द्राक्षाचा भ्रूण त्या टोकालाच असतो. बहुतेक बीजांडं रिकामी. काहींत तपकिरी चिखल. मधूनच एखाद्यात पांढरा, बदामासारखा किंवा हृदयाच्या आकाराचा ठिपका, मिलिमीटरभर. तो सुईच्या टोकावर उचलून दुसऱ्या माध्यमावर ठेवताना मी श्वास धरायची.

आणि एकात घोस निघाला.

आधी वाटलं नुसती गाठ आहे, कॅलस. मोठं करून पाहिलं तर भिजलेल्या बारीक साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांना चिकटलेले. एक मोठा, चांगला दोन दलं दिसणारा, आणि त्याच्या मुळाकडच्या टोकाला लहान-लहान गोल, काही हृदयाकृती. मी सुईने एकेक सुटा केला. अकरा भरले. त्यातले नऊ पुढे हिरवे झाले आणि माझं चांगलंच फावलं, कारण तोपर्यंत आख्ख्या फ्लेमच्या क्रॉसमधून माझ्याकडे चौदाच रोपं होती.

सहामाही अहवालात मी लिहिलं: फ्लेम सीडलेस गुणिले ब्यूटी सीडलेस, मिळालेली संकरित रोपं २३.

मॅडमनी पान वाचलं, पेन्सिलीने २३ भोवती गोल केला आणि विचारलं, "रोपं तेवीस. वेगळी किती?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, बाटल्या तेवीस आहेत मॅडम, येऊन बघा.

"बाटल्या नाही विचारल्या. एका बीजांडातून नऊ निघाली ना? ती नऊ भावंडं आहेत, की एकाच भ्रूणाच्या नऊ नकला?"

आता हे सांगायला हवं की एका बीत एकाहून जास्त भ्रूण असणं, म्हणजे बहुभ्रूणता, हा काही चमत्कार नाही. संत्र्याच्या बीत दोन भ्रूण असतात हे लेवेनहुकने १७१९ मध्येच पाहिलं होतं. जांभळाची बी पेरा, बऱ्याचदा एकीतून दोन-तीन कोंब येतात. आंब्यात हापूसची कोय एकच रोप देते, पण केरळातल्या ओलूर, कुरुक्कन या जातींच्या कोयीतून झुपका निघतो. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिका तर यावरच चालतात. रंगपूर लाइम नाहीतर जंबेरीच्या बिया पेरायच्या. बहुतेक रोपं हुबेहूब आईसारखी निघतात, कारण ती फलनातून आलेलीच नसतात. बीजांडात भ्रूणकोषाभोवती आईच्या पेशींचा जो थर असतो, न्युसेलस, त्यातून थेट उगवलेले ते भ्रूण. बापाचा संबंध नाही. माळी वाफ्यातली वेगळी दिसणारी, उंचीला कमी-जास्त रोपं उपटून टाकतो. ती बिचारी खरी फलनातून झालेली असतात. संत्र्यात या गुणामागचं जनुकही सापडलंय, आरडब्ल्यूपी गटातलं, आणि तो गुण मुलांत उतरतो.

माझ्या डोक्यात तेव्हा हेच संत्रं होतं. द्राक्षात असं निघालं तर? बीतून हुबेहूब आई, विषाणू नाही, कलमाचा खर्च नाही. बागाइतदाराच्या पोरीला हे स्वप्न पडणारच. मॅडमनी ते एका वाक्यात आवरलं: "आधी बाप आहे का बघ."

शक्यता मोजून चार-पाच. एक, न्युसेलसमधून आलेले भ्रूण, नुसती आई. दोन, फलनातून झालेला एकच भ्रूण वाढता वाढता फुटला किंवा त्याच्या अंगावरून दुसरे उगवले. मग आईबाप दोघांचा वाटा असणार, पण सगळे तंतोतंत एकसारखे. तीन, एका बीजांडात दोन भ्रूणकोष, दोन वेगळी फलनं; मग ते साधे भाऊबहीण, फक्त घर एक. चार, भ्रूणकोषातल्या अंड्याशेजारच्या पेशीतून फलनाशिवाय वाढलेलं पोर, ज्याच्यात गुणसूत्रं निम्मी. आणि पाचवी, जी पुस्तकात नसते पण ट्रेमध्ये नेहमी असते: दोन बिया चिकटून एक दिसणं.

पाचवीच मला पहिली भेटली.

बेंगलोर ब्लूचे घड एप्रिलमध्ये उतरवले. मणी चुरून बिया धुतल्या, पाण्यात टाकल्या, तरंगणाऱ्या फेकल्या. पाचशेच्या आतबाहेर राहिल्या. द्राक्षाची बी नीट बघितली तर छान असते. नासपतीच्या आकाराची, पोटाकडे दोन उभे खळगे, पाठीवर गोल तबकडी, आणि खाली ती चोच. थेट पेरली तर महिनोन्महिने ढिम्म हलत नाही. तिला थंडी लागते. ओल्या वाळूत घालून प्लास्टिकच्या डब्यांत ४-५ अंशांवर तीन महिने फ्रीजमध्ये. त्या फ्रीजमध्ये कुणीतरी श्रीखंड ठेवायचं आणि डबे दारात सरकवायचं; मी चिठ्ठी लावली, मग दुसरी चिठ्ठी लावली. जुलैअखेरीस बिया जिबरेलिक ॲसिडमध्ये रात्रभर भिजवून कोकोपीट-परलाइटच्या ट्रेमध्ये पेरल्या, एका खणात एक.

पहिल्या आठवड्यात काही नाही. तिसऱ्यात इकडेतिकडे वाकडे हिरवे आकडे दिसायला लागले. ऑगस्टात एका सकाळी मामांनी हाक मारली, "ताई, जुळं!"

खण १९. दोन कोंब, शेजारी शेजारी. मी फोटो काढला, मॅडमना पाठवला, आण्णांनाही पाठवला. दुपारी काळजीपूर्वक माती बाजूला केली तर खाली दोन कवचं. पेरताना माझ्याकडूनच एका खणात दोन बिया पडल्या होत्या. मॅडमनी अंगठा वर असलेलं चित्र पाठवलं होतं ते मला फार लागलं.

त्यानंतर मी कोंब दिसला की आधी कवच शोधायची. खण ४७ मध्ये पुन्हा दोन दिसले तेव्हा पाणी घालून माती सैल केली, ब्रशने दूर केली. एकच कवच, चोचीकडे फाटलेलं, आणि त्या एकाच फटीतून दोन दांडे. एकाची दलं पूर्ण उघडलेली, दुसऱ्याची अजून कवचात अडकलेली, डोक्यावर हेल्मेट घातल्यासारखी. मुळं दोन, वेगवेगळी, वरच्या बाजूला जराशी गुंतलेली. आम्ही दोघं तिथेच उकिडवे बसून किती वेळ बघत होतो कोण जाणे.

आणखी एक जोडी निघाली, ११२ मध्ये. तिथे एक धट्टंकट्टं आणि दुसरं काडीएवढं, पिवळट, पानं चिमुकली.

चार पानांवर आल्यावर ४७ ची जोडी वेगळी करून दोन पिशव्यांत लावली, ४७-क आणि ४७-ख. ११२ च्या मरतुकड्या रोपावर मॅडमची नजर गेली आणि त्यांच्या मनात चौथी शक्यता आली. जुळ्यातलं एक असं खुरटं असलं की निम्म्या गुणसूत्रांचं असू शकतं. द्राक्षात असं निघणं अगदीच दुर्मीळ, म्हणूनच बघायला हवं. साध्या द्राक्षाला ३८ गुणसूत्रं, त्याला १९ असली पाहिजेत.

तर मुळांची टोकं घ्यायला हवीत. मी घेतली. सकाळी, मुळं जोरात वाढत असताना, चार टोकं. आधी हायड्रॉक्सिक्विनोलीन, मग अल्कोहोल-ॲसेटिक आम्ल, मग ॲसिडने मऊ करून रंग, काचपट्टीवर ठेवून वर दुसरी काच आणि अंगठ्याने दाब. ऐकायला छान. द्राक्षाची गुणसूत्रं म्हणजे मोहरीवर मारलेले टिंब. एकावर एक चढलेली, एक बाहेर सरकलेलं, एक आहे की रंगाचा कण आहे ते ठरत नाही. पहिल्या पेशीत मी ३६ मोजली. दुसरीत ३७. तिसरीत ४०, जे शक्यच नव्हतं. दोन दिवस मान मोडून बसल्यावर दोन पेशी अशा मिळाल्या की मी आणि मॅडमनी वेगवेगळं मोजून कागद उघडले तेव्हा दोघींच्या कागदावर ३८ होतं. म्हणजे निम्मं नाही. पण चार टोकं गेलेल्या त्या जिवाला परत मुळं फुटलीच नाहीत. आठवड्याभरात ते मान टाकून गेलं. घाईघाईने पानाचा तुकडा डीएनएसाठी ठेवला तर तो आधीच तपकिरी झालेला; त्यातून वाचण्यासारखं काही आलं नाही. ते आपल्या जोडीदाराचं भावंड होतं की नक्कल, हे आता कधीच कळणार नाही. आधी पान, मग मुळं, हा क्रम मी आता सगळ्या नवीन मुलांना सांगते.

उरलेल्यांची डीएनए तपासणी डिसेंबरमध्ये झाली. कोवळी पानं द्रव नायट्रोजनमध्ये कुटायची. द्राक्षाच्या पानात फिनॉल आणि चिकट शर्करा इतक्या की डीएनए कधी कधी चहाच्या रंगाचा येतो. मग एसएसआर मार्कर, म्हणजे डीएनएतले जातीगणिक लांबी बदलणारे, पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे. द्राक्षाची जात ओळखायला जगभर जे सहा वापरतात तेच: व्हीव्हीएस-२, व्हीव्हीएमडी-५, ७ आणि २७, व्हीआरझॅग-६२ आणि ७९. कल्पना अशी की प्रत्येक ठिकाणी आईकडे दोन रूपं असतात, समजा क आणि ख (रोपांच्या क-ख शी याचा संबंध नाही). बापाकडे ग आणि घ. खऱ्या संकराकडे आईचं एक आणि बापाचं एक असणार: कग, कघ, खग नाहीतर खघ. नुसतंच कख आलं तर ती आईची नक्कल. कक किंवा खख दिसायला लागलं तर माझ्या चिमट्याने पुंकेसर नीट काढले नव्हते आणि आईने स्वतःचेच पराग घेतले, असा अर्थ. ही शेवटची भीती मला सगळ्यात जास्त होती.

४७-क आणि ४७-ख, दोघांतही सहाच्या सहा ठिकाणी बाप हजर. म्हणजे माझं संत्र्याचं स्वप्न तिथेच मिटलं; आणि चिमटाही निर्दोष सुटला. आणि दोघांचे सहाही निकाल हुबेहूब सारखे.

मी लगेच गणित मांडलं. साध्या दोन भावंडांना एका ठिकाणी तीच जोडी मिळण्याची शक्यता चारात एक. सहा ठिकाणी मिळण्याची, चाराचा सहावा घात, ४०९६ त एक. कागद घेऊन मॅडमकडे गेले.

"सहा मार्कर किती गुणसूत्रांवर आहेत?"

मी परत आले. शोधलं. एमडी-७ आणि झॅग-६२ दोन्ही सातव्यावर. एमडी-२७ आणि झॅग-७९ दोन्ही पाचव्यावर. एकाच गुणसूत्रावरचे मार्कर बऱ्याचदा बरोबरच वारशाने येतात, त्यांना दोन वेगळे साक्षीदार धरता येत नाही. एकाच घरातल्या दोघांनी सही केल्यासारखं ते. म्हणजे खात्रीने धरायची तर गुणसूत्रं चार, आणि आकडा २५६ त एक. शिवाय प्रत्येक ठिकाणी क-ख-ग-घ अशी चार वेगळी रूपं मिळतातच असं नाही. एक रूप आईबापात सामाईक निघालं की साक्ष आणखी पातळ. मग दुसऱ्या गुणसूत्रांवरचे आणखी सहा मार्कर लावले. तेही सारखे. तेव्हा कुठे मॅडमनी मान हलवली: एकच भ्रूण, सुरुवातीलाच फुटलेला. जुळं, आणि तेही सख्खं जुळं.

फ्लेमच्या घोसातली नऊ रोपंही अशीच निघाली, नऊच्या नऊ एक. बापाचा वाटा प्रत्येकात, आणि प्रत्येकात तोच. त्या मोठ्या भ्रूणाच्या मुळाकडून बाकीचे उगवले होते, काचेतल्या माध्यमात हे होतंच. अहवालातला २३ खोडून मी १५ केला. पैदासीचं सगळं गणित वेगळेपणावर असतं. आई-बापाचे पत्ते जितक्या वेळा पिसाल तितके डाव. एकच डाव नऊ वेळा लिहून काढला तर डाव नऊ होत नाहीत. हे इतकं उघड आहे की लिहिताना लाज वाटते, पण सुटी रोपं मोजून संकरांचा आकडा फुगवणारी मी पहिली नव्हते हे मॅडमच्या पेन्सिलीच्या सवयीवरून कळत होतं.

त्या संक्रांतीला आण्णा पुण्याला आले होते. थॉम्पसनच्या थिनिंगची (मणी विरळ करण्याची) मजुरी, जीएचं डिपिंग (घड जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवणं), बँक, सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, ते जुळं दाखव. मी शेडमध्ये नेलं. दोन कुंड्या, दोन पाट्या. ख जरा बुटकं होतं. त्यांनी दोन्हींची पानं उलटी करून मागची लव बघितली, पेरं बोटांनी मोजली, आणि विचारलं, "आता ह्यात नवल काय?"

"एका बीतून दोन आलीत आण्णा. एकदम सारखी. जनुकं सगळी एक."

"आपल्या तीन एकरांत काय वेगळं आहे? सगळी एका काडीची. तुझ्या हिशोबाने तिथंही एकच झाड झालं की."

मी म्हटलं, हो, हिशोबाने एकच. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण मला वाटतं डावणी एका रात्रीत एवढी का पसरते याचा विचार त्यांच्या मनात आला असावा, कारण पुढचा प्रश्न त्यांनी तोच विचारला. मग ख बुटकं का, असंही विचारलं. बघितलं तर त्याच्या कुंडीतला ड्रीपर अर्धा चोंदलेला होता.

बीपासून झालेल्या वेलीला फळ यायला तिसरं वर्ष लागतं. ४७-क ला प्लॉटमध्ये जागा मिळाली, तीन फुटांची. ४७-ख ला मिळाली नाही, कारण यादीत ४७ हा क्रमांक एकच होता. ती मोठ्या कुंडीत शेडच्या दाराशी राहिली. तिसऱ्या वर्षी क वर पाच घड आले. मणी काळेभोर, गोल, बेंगलोर ब्लूहून जरा मोठे. साल तशीच, दाताखाली सुटून येणारी. वास तोच, दहा फुटांवरून. आणि प्रत्येक मण्यात दोन-तीन टणटणीत बिया. पावसाळी हवेत शेजारच्या वेलींची पानं डावणीने करपली तेव्हा हिच्या पानांवर मात्र चार-दोन डागच होते, ही एक जमेची बाजू.

मॅडमनी दोन मणी खाल्ले, बिया तळहातावर काढल्या, मोजल्या. रजिस्टरमध्ये शेरा लिहिला: जात म्हणून नाही. डावणीसाठी क्रॉसला आई म्हणून ठेवावी.

दोन्हींसाठी एकच ओळ. शेडची जागा नव्या बियांच्या ट्रेना हवी होती, त्यामुळे दोनातली एक काढायची होती. मामांनी विचारलं, कुठली? मी म्हटलं, काही फरक नाही मामा, कुठलीही. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी ख ची कुंडी आडवी केली, झाड मातीसकट बाहेर ओढलं, मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली होती ती मला दाखवली, आणि म्हणाले, "ही."